अकरावा आठवडा, दुखरा गळा आणि ०.०१ टीएसएच

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वय २७, पहिलटकरीण, अकरावा आठवडा चालू. जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आल्यावर घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप झाला. तुम्हालाही चार दिवस होता, अंगावर पुरळ नव्हतं. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी गळ्याची पुढची बाजू, घाटीच्या खाली, दुखायला लागली. आधी उजवीकडे, आठवड्याने डावीकडे, आणि कळ थेट कानात. दाताच्या डॉक्टरांनी अक्कलदाढ पाहिली, कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून सांगितलं. मग नाव नोंदवताना केलेल्या रक्ताच्या तपासणीत टीएसएच ०.०१, म्हणजे फारच कमी, आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, २.६, म्हणजे जास्त आला. एका डॉक्टरांनी थायरॉइडचं काम कमी करणारं कार्बिमाझोल लिहून दिलं, दुसऱ्यांनी काहीच करू नका म्हटलं, आणि एका नातेवाईक बाईंनी "बाळात व्यंग राहतं, वेळेत विचार करा" असं सांगून तुमची झोप उडवली.

शेवटच्या गोष्टीचं आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून गर्भ पाडण्याचं कोणतंही कारण मला दिसत नाही. तो विषय घरात बंद करा.

आता गोळीचं. "गोळी घेऊ की नको" असं तुम्ही विचारलंय, पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी सोडवलेलाच नाही: टीएसएच खाली गेला तो कशामुळे? गरोदरपणात टीएसएच खाली जाण्याची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. तिघांचा रिपोर्ट एकसारखा दिसतो आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट असतात. तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या दोघांच्या मनात बहुधा दोन वेगळी कारणं होती.

तुमचे यजमान यंत्रमाग कारखान्यात आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी म्हणजे चादरीचा कारखाना समजा, आणि तिचा टी-४ म्हणजे माल. टीएसएच म्हणजे मालकाची ऑर्डर, ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. बाजारात माल जास्त झाला की मालक ऑर्डर थांबवतो, म्हणजे टीएसएच शून्याकडे जातो. माल जास्त झालाय एवढंच त्यावरून कळतं. तो कुठून आला, ते कळत नाही.

पहिलं कारण गरोदरपण स्वतःच. वारेतून एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं, गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात ते यानेच. याची बांधणी टीएसएचशी इतकी जुळते की थायरॉइडला फरक कळत नाही. मालकासारखा दिसणारा मुकादम आला आणि कारखाना जोरात सुटला, असं ते होतं. आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी सर्वांत जास्त असतं, म्हणून नेमक्या त्याच दिवसांत टीएसएच सर्वांत खाली असतो. काही अगदी निरोगी गरोदर बायकांतही तो ०.१ च्या खाली जातो. उलट्या फार होत असतील, जुळं असेल किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी विकृत वाढ) असेल, तर हे जास्त जोरात होतं. याला थायरॉइडची गोळी लागत नाही. पाणी, सलाइन, उलटीचं औषध आणि थोडा धीर. चौदा ते अठरा आठवड्यांपर्यंत बहुतेकींचं आपोआप ताळ्यावर येतं.

दुसरं कारण ग्रेव्हज्‌चा आजार. यात शरीर स्वतःच थायरॉइडला चिथावणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. इथे गोळी लागते, आणि वेळेवर लागते.

तिसरं कारण विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला येणारी दुखरी सूज. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस शल्यचिकित्सकाने १९०४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकात तिला त्याचं नाव आहे. सर्दी-ताप, गालगुंड, फ्लू असं काही होऊन गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी ही येते. २०२० मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी कोविडनंतरचीही नोंद केली. इथे माग चालतच नसतात. गोदामाची भिंत पडलेली असते आणि आतला साठवलेला माल रस्त्यावर आलेला असतो. कार्बिमाझोल काय करतं, तर माग बंद करतं. जे आधीच बंद आहेत ते बंद करून काय मिळणार?

तुमच्या लक्षणांवरून माझा कल या तिसऱ्या कारणाकडे जातो. आवंढा गिळताना दुखणं, कानाकडे जाणारी कळ, एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला सरकणं, हे सहसा दुसऱ्या कशात एकत्र येत नाही. दातांकडे आणि कानाकडे चक्कर मारून आलेले असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. पण त्यात गरोदर बाई क्वचित, माझ्या इतक्या वर्षांच्या ओपीडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गरोदरपणात शरीराची प्रतिकारयंत्रणा थोडी नमतं घेते, म्हणून असावं. दुर्मीळ असल्यामुळेच गळ्याला हात न लावता नुसत्या कागदावरून निदान करू नये असं माझं मत आहे, आणि मीही इथे ते करत नाही. तुमची ग्रंथी बोटाने दाबून पाहणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी आहे. तुमच्या लिहिण्यात ती कुणी केल्याचा उल्लेख नाही.

तपासण्यांबद्दल आता जरा तपशिलात बोलतो, कारण गरोदर बाईत इथेच घोटाळे होतात.

एरवी आम्ही थायरॉइडचा स्कॅन करतो. त्यात किरणोत्सर्गी द्रव्य द्यावं लागतं, म्हणून गरोदरपणात तो करत नाहीत. कुणी लिहून दिला तर "मी गरोदर आहे" एवढं एक वाक्य बोलायला लाजू नका. त्याऐवजी गळ्याची सोनोग्राफी आणि डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्तप्रवाह पाहणं. सूज असेल तर ग्रंथीत काळपट ठिपके-पट्टे दिसतात आणि रक्तप्रवाह मंद असतो. ग्रेव्हज्‌मध्ये उलट, सगळी ग्रंथी रक्ताने उसळत असते. सोनोग्राफीच्या डॉक्टरांना "डॉप्लर लावून रक्तप्रवाह बघा" असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर ग्रंथीची लांबी-रुंदी तेवढी मोजून रिपोर्ट येतो.

ईएसआर ही अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी. या सुजेत तो खूप वाढतो, अनेकदा ५० च्या वर. पण गरोदर बाईचा ईएसआर तसाही वाढलेलाच असतो, त्यामुळे ४५-५० आकडा पाहून उडी मारता येत नाही. सीआरपी ही सुजेचीच दुसरी तपासणी सोबत करा, ते गरोदरपणात इतकं फसवत नाही. आणि तिसरी, ग्रेव्हज् ओळखण्यासाठीची टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी. तपासणी महाग आहे, रक्त बऱ्याचदा पुण्या-मुंबईला जातं, चार-पाच दिवस लागतात. तरी तुमच्या बाबतीत मी ती करायला सांगेन, कारण ही प्रतिपिंडं वार ओलांडून बाळाच्या थायरॉइडपर्यंत जातात. ती नसतील तर मोठी काळजी मिटते.

साधा टी-३, टी-४ करून आणला असेल तर त्यावर वाद घालत बसू नका. गरोदरपणात रक्तातलं वाहक प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण टी-४ चा आकडा सोळाव्या आठवड्यापासून एरवीच्या जवळपास दीडपट होतो, आणि कागदावर छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या माणसाची असते. एक बारीक गोष्ट: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. मागे एका मुलीचा असा भयंकर दिसणारा रिपोर्ट होता आणि नाडी ७४. गोळी तीन दिवस बंद करून परत रक्त दिलं, रिपोर्ट चोख आला. तुम्हाला गळ्याचं दुखणं आहे म्हणून तुमचं तसं नसावं, पण विचारून ठेवतो.

नाडीवरून आठवलं. धडधड, घाम, हात थरथरणं ही लक्षणं तुम्ही लिहिली आहेत. मार्च लागला की आपल्याकडे कुणाला घाम येत नाही? आणि गरोदरपणात नाडी तशीही दहा-वीस ठोक्यांनी वाढते. म्हणून सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, चहाच्या आधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि कॅलेंडरवर तारखेपुढे लिहा. पडल्या पडल्या १०० च्या वर सतत राहत असेल तर ती थायरॉइडची धडधड धरायची. ऊन तिथे कारण नाही.

मग उपचार काय? सूज असेल असं धरून सांगतो. दुखण्याला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. एरवी या आजारात आम्ही आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी वेदनाशामकं देतो; गरोदरपणात ती मी टाळतो. विसाव्या आठवड्यानंतर तर नकोच, बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होतो, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. मेडिकलमधून "पाठदुखीची" म्हणून मिळणारी गोळीही त्यातलीच असू शकते, नाव वाचा. पॅरासिटामॉलने भागलं नाही, गिळवत नाही, रात्री झोप नाही, अशी अवस्था असेल तर थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देता येतं. त्याचा बराचसा भाग वार निष्क्रिय करते, बाळापर्यंत थोडाच जातो. त्याने दोन दिवसांत आराम पडतो, इतका की रुग्ण स्वतःच गोळी बंद करतो आणि आठवड्यात दुखणं परत येतं. ते हळूहळू कमी करायचं असतं, आणि साखर तपासत राहायचं असतं. धडधड सहन होत नसेल तर प्रोप्रॅनोलॉल कमी मात्रेत, थोडे दिवस. महिनोन्‌महिने घेतलं तर बाळाची वाढ मंदावू शकते, म्हणून थोडे दिवस.

कार्बिमाझोलचं सरळ सांगतो: निदान पक्कं होईपर्यंत ते सुरू करू नये असं माझं मत आहे. सुरू केलंच असेल तर घाबरू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, बाळाचे अवयव घडत असताना, या औषधाने टाळूची त्वचा, नाक, पोट यांत दोष राहण्याची शक्यता असते. म्हणून खरा ग्रेव्हज् निघाला तरी सोळाव्या आठवड्यापर्यंत आम्ही प्रोपिलथायोयुरासिल वापरतो. त्याचा त्रास यकृताला होऊ शकतो, म्हणजे तेही उगाच घेण्याचं औषध नव्हे. यातलं कुठलंही औषध घेताना ताप आणि घसा दुखणं सुरू झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या.

इथपर्यंत तुम्ही विचारलेलं झालं. आता जे तुम्ही विचारलं नाही आणि ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो, ते सांगतो.

रस्त्यावर सांडलेला माल कधीतरी संपतो. दीड-दोन महिन्यांत रक्तातला जास्तीचा टी-४ खाली येतो, धडधड जाते, गळा दुखायचा थांबतो. बाई म्हणते मी बरी झाले, आणि घरचेही सुटकेचा श्वास सोडतात. पण गोदाम रिकामं असतं आणि माग अजून सुरू झालेले नसतात. मग येतो तुटवडा, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचा काळ, काही आठवडे ते काही महिने. गरोदर नसलेल्या माणसात तो सौम्य असेल तर आम्ही नुसती वाट पाहतो, बहुतेकांची ग्रंथी परत कामाला लागते. गरोदर बाईत मी वाट पाहत नाही. बाळाची स्वतःची थायरॉइड अठरा-वीस आठवड्यांपर्यंत नीट काम करत नाही, तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारा टी-४ आईकडूनच जातो, आणि नंतरही काही वाटा आईचाच असतो.

तुमचा हिशोब करू. गळा दुखायला लागला तेव्हा नववा आठवडा होता. म्हणजे तुटवड्याचा काळ साधारण सोळाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात कुठेतरी येऊ शकतो. आपल्याकडे तो एप्रिल ते जून. या दिवसांत थकवा, सुस्ती, पाय सुजणं, बद्धकोष्ठ असं काही झालं तर सगळे म्हणणार, गरोदरपणात असतंच, आणि त्यात ऊन ४२ डिग्री. त्यातच सातवा महिना लागला की ओटीभरण होऊन मुलगी माहेरी. डॉक्टर बदलतात, लॅब बदलते, फाइल सासरी कपाटात. नव्या डॉक्टरांना आई सांगते, "थायरॉइड होतं, पण ते बरं झालं." असं एकदा माझ्यासमोर घडलंय. दोन महिने कुणी रक्तच तपासलं नव्हतं, आणि टीएसएच ३८ निघाला. बाळ पुढे व्यवस्थित झालं, पण ते दोन महिने त्या मुलीचे आई-वडील आजही विसरलेले नाहीत.

म्हणून तुमच्यासाठी माझा आग्रह एकच: बरं वाटो न वाटो, दर चार आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही, शक्यतो एकाच लॅबमध्ये. दोन्ही का? तर इतके दिवस झोपलेली पिट्युटरी जागी व्हायला वेळ घेते. फ्री टी-४ कमी झालेला असतो आणि टीएसएच अजून खालीच दिसतो, अशी काही आठवड्यांची मधली अवस्था असते. नुसता टीएसएच पाहणारा त्या वेळी "अजून थायरॉइड जास्तच आहे" म्हणून चुकीच्या दिशेला जातो. फ्री टी-४ खाली गेला, किंवा टीएसएच गरोदरपणाच्या मर्यादेच्या वर, साधारण ४ च्या पुढे, चढायला लागला, की मी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४चीच गोळी, सुरू करतो आणि टीएसएच २.५ च्या आत ठेवायला बघतो. ते बाळाला सुरक्षित आहे. शरीरात जे असायला हवं तेच आपण बाहेरून देतो.

ती गोळी सुरू झाली तर पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्धा-पाऊण तास नंतर. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. हे जमवणं घरात सोपं नसतं, म्हणून मी वेळापत्रकच लिहून देतो: थायरॉइडची सहाला, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, लोहाची संध्याकाळी. कॅल्शियम आणि लोहही एकत्र घेऊ नयेत.

खाण्याचं विचारलंय. भाकरी, शेंगाचटणी, भाज्या सगळं खा. शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरने काही बिघडत नाही. फक्त "थायरॉइडला चांगलं" म्हणून कुणी सैंधव मीठ सुरू करायला सांगेल तर ऐकू नका. त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं आणि गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. पुड्यातलं साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. आयोडीनचे वेगळे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या वगैरेही नकोत, जास्तीनेही ग्रंथी बिघडते.

कुठे दाखवायचं, हे तुमच्या खिशावर आहे. खासगीत जमत नसेल तर सिव्हिलला स्त्रीरोग आणि मेडिसिन दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, आणि सरकारी केंद्रांवर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. खर्चात निवड करायचीच झाली तर पहिल्यांदा हाताने तपासणी, मग डॉप्लर, मग अँटिबॉडी. पण नाडी पडल्या पडल्या १३० च्या पुढे गेली, जोराचा ताप आला, बोलण्यात असंबद्धपणा आला, दम लागला किंवा अंगावरून रक्त गेलं, तर यातलं काहीही वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि तुमचं माहेर अक्कलकोटला आहे, अंतर काही फार नाही. जाताना एका प्लास्टिकच्या पिशवीत आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घ्या, वरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: "तापानंतर थायरॉइडची सूज, दर चार आठवड्यांनी टीएसएच व फ्री टी-४." निदान वेगळं निघालं तर तो कागद बदला. तिथल्या डॉक्टरांना सांगा की बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आसपास त्याच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच करायचा आहे, तुमचा स्वतःचा सहा आठवड्यांनी. लेव्होथायरॉक्सिन चालू असेल तर बाळंतपणानंतर ते आपल्या मनाने बंद करू नका. किती दिवस लागेल ते त्या सहा आठवड्यांच्या आकड्यावर ठरेल. डॉप्लर झाला की त्यात रक्तप्रवाहाबद्दल काय लिहिलंय ते इथेच कळवा, मग पुढचं बोलू.